टेंगळांचे जतन

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता, मों-उआर डोंगरावरच्या टेंगळांच्या वर्गाला एकूण एक विद्यार्थी हजर होता. विद्यार्थ्याचे नाव फ्लावी, वय नऊ, हेल्मेटच्या शेंड्याला लाल लोकरीचा गोंडा.

रेजानआजोबांनी हजेरीची वही उघडली, एक खूण केली आणि वही मिटली. ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि गेली त्रेचाळीस वर्षे याच जागी, याच वेळी ही वही उघडत आले होते. एके काळी खुणा करता करता बोटे गारठत. आता हातमोजासुद्धा काढावा लागत नसे.

"रांग करा," ते म्हणाले.

फ्लावीने रांग केली.

"ढकलाढकली नको."

"आजोबा, मी एकटीच आहे."

"म्हणूनच सांगतो. एकट्याने ढकलाढकली केली की माणूस नक्की पडतो."

टेंगळे म्हणजे बर्फाची टेंगळे. ती कोणी बांधत नाही. पहिला माणूस स्कीवर उतरताना जिथे वळतो, तिथला बर्फ थोडा बाजूला सरतो. दुसरा त्याच खोलगटात वळतो, तिसरा त्यामागे, आणि शंभरावा माणूस खाली पोहोचेपर्यंत डोंगराला पुरळ आलेले असते. मग त्या पुरळातून गुडघे दुमडत, उलगडत, उसळत खाली यायचे. मों-उआरला असे पुरळ एकाच उतरणीवर राखलेले होते. त्या उतरणीचे नाव बेडकी, कारण तिथून येणारा प्रत्येक जण तसाच दिसे.

फ्लावीला या जगात एकच गोष्ट हवी होती. बेडकी माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतरायची, न थांबता, न पडता. अर्ध्यावर एक वाकडे देवदाराचे झाड होते. तिथपर्यंत ती येई. त्यापुढे दोन्ही पाय आपापल्या मताने वागू लागत.

"मार्च संपायच्या आत जमेल का हो आजोबा?"

"जमेल. पाय तुझं ऐकत नाहीत, कारण तू त्यांना ओरडतेस. जरा प्रेमाने सांग."

बाकीची मुले डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होती. तिथे दोन वर्षांपूर्वी उड्या मारण्याचे मैदान झाले होते. त्यात लोखंडी कठडे होते, रंगवलेले ओटे होते, आणि मुख्य म्हणजे एकाने उडी मारली की दुसऱ्याला त्याचे चित्रण करता येई. टेंगळांत ती सोय नव्हती. फोन हातात धरला तर हात हलतो, खिशात ठेवला तर पाहणार कोण? शिवाय टेंगळांतली सगळी करामत गुडघ्यांची, आणि गुडघे फोटोत कोणाचेच चांगले येत नाहीत.

कार्यालयाने दारावर कागद लावला होता: ज्या वर्गात बारापेक्षा कमी मुले असतील तो हंगामाअखेर बंद होईल आणि त्याची उतरण यंत्राने सपाट करून 'सहकुटुंब वापरासाठी' खुली केली जाईल. रेजानआजोबांनी तो कागद दोनदा वाचला. मग घरी जाऊन त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिले.

पत्र छोटे होते. 'टेंगळांच्या वर्गाला मुले येईनाशी झाली आहेत. कृपया काहीतरी करावे.'

कार्यालयाला असे कधी लिहू नये. ते करतात.

आठ दिवसांत 'टेंगूळ पुनरुज्जीवन व युवा सहभाग समिती' स्थापन झाली. सदस्य अकरा. सरासरी वय चौसष्ट. त्यांतल्या चौघांचे गुडघे नवे बसवलेले होते आणि उरलेल्यांचे प्रतीक्षा यादीत होते. युवकांचा प्रतिनिधी घ्यावा असे एकाने सुचवले. पण बैठकीची वेळ शाळेच्या वेळेत येत होती आणि बैठकीची वेळ बदलली तर सदस्यांची दुपारची झोप मोडत होती. सबब ती सूचना नोंदवून घेण्यात आली.

अध्यक्षा ओदेत ब्रासारबाई मनाने फार चांगल्या होत्या. तरुणपणी त्या स्वतः बेडकीवरून उतरल्या होत्या. त्याचा एक फोटो त्यांच्या टेबलावर असे. टेंगळांचे नाव निघाले की त्यांचे डोळे भरून येत, आणि डोळे भरले की त्या ठराव मांडत.

पहिल्या ठरावानुसार मोंत्रेआल शहरातून लुदोविक नावाचा एक तज्ज्ञ आला. त्याने उपाहारगृहात बसून मुलांना प्रश्नावली वाटली. पहिला प्रश्न होता: 'टेंगळांशी असलेल्या आपल्या भावनिक नात्याला एक ते दहा यांपैकी किती गुण द्याल?' एका मुलाने उत्तर लिहिले, 'चीज घातलेले बटाटे.' तिघांनी मागच्या बाजूला अस्वल काढले. फ्लावीने मात्र जीभ बाहेर काढून पानभर लिहिले. तिला सकाळची टेंगळे आवडतात कारण तेव्हा ती कडक असतात. दुपारची पण आवडतात कारण तेव्हा ती मऊ असतात. आणि वाकड्या झाडाच्या पुढचे तिसरे टेंगूळ फार लबाड आहे.

लुदोविकने तिचा कागद बाजूला काढला.

"हिचं का वगळलंस बाबा?" रेजानआजोबांनी विचारले.

"अपवाद आहे, सर. असे अपवाद धरले की सरासरी बिघडते."

"पण टेंगळांवर जाणारी ती एकटीच आहे."

"तेच म्हणतोय ना मी. बाकी कोणी जात नाही, म्हणून तर ती अपवाद."

अहवालात युवकांची टेंगळांतली रुची शून्य टक्के आली. ब्रासारबाईंना गहिवरून आले. जी गोष्ट नष्ट होत आहे ती वारसा असते, आणि वारशाचे जतन करावे लागते. समितीने एकमताने बेडकीला 'संरक्षित उतरण' घोषित केले. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती पिवळा दोर बांधला गेला आणि माथ्यावर फलक लागला: 'येथील टेंगळे हा आपला अमूल्य ठेवा आहे. कृपया त्यांवर स्की करू नये.'

फ्लावीने फलक मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

"आजोबा, मग त्यांचं करायचं काय?"

चाळीस वर्षांत कुठल्याही मुलाच्या प्रश्नाला त्यांनी 'माहीत नाही' म्हटले नव्हते. ते सरळ ब्रासारबाईंकडे गेले.

"बाई, टेंगळं स्की करूनच होतात. माणसं उतरली नाहीत तर ती राहतच नाहीत."

ब्रासारबाईंना कळेना. तेव्हा आजोबांनी लहान मुलांना समजावतात तसे समजावले. टेबलावरची साखरेची वाटी बशीत उपडी केली, बशी तिरकी धरली आणि चमच्याच्या टोकाने एकाच वाटेने वळणे काढत खाली आणली. पुन्हा. पुन्हा. साखरेत टेंगळे उमटली. ब्रासारबाई कौतुकाने बघत राहिल्या आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे इतकी वर्षं ही टेंगळं कोणीही येऊन करत होतं?"

"हो."

"परवानगी न घेता?"

"बाई, परवानगी कसली? लोक नुसते वळायचे."

"कोण लोक? नावं आहेत?"

"हजारो होते."

ब्रासारबाईंनी वहीत लिहून घेतले: 'हजारो. अज्ञात.' मग त्या मायेने म्हणाल्या, "सर, बरं झालं सांगितलंत. इतका मोठा ठेवा इतक्या बेशिस्तीत तयार होत होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं."

फेब्रुवारीत दोन हात बर्फ पडला. दोराच्या आत कोणी वळले नाही, म्हणून टेंगळे बुजली. पाहणी पोटसमिती दुर्बीण घेऊन आली आणि तिने नोंद केली की संरक्षित टेंगळांची संख्या शून्य असून निसर्गाने वारशाची हानी केली आहे. त्यावर उपाय एकच होता. टेंगळे यंत्राने बांधणे.

यंत्र चालवणारा गास्तों हा रेजानआजोबांचा शाळेपासूनचा मित्र. डोंगर सपाट करण्यात त्याची हयात गेली होती.

"काय वेळ आली बघ, रेजान! तीस वर्षं टेंगळं मोडायचा पगार घेतला. आता ती करा म्हणतात. उद्या सासूबाईंची तारीफ करायला सांगतील."

"किती उंच करायला सांगितलीयत?"

गास्तोंने खिशातून नकाशा काढला. मूळ उंची गुडघ्याएवढी ठरली होती. विमा पोटसमितीने ती अर्धी केली. आरोग्य पोटसमितीने उरलेली अर्धी केली. मग एका सदस्याने विचारले की टेंगूळ उंचच असले पाहिजे असे कुठे लिहिले आहे? कुठेच लिहिलेले नव्हते. अखेर सात सेंटिमीटरवर एकमत झाले.

"एवढा तर संध्याकाळी माझा पाय सुजतो," गास्तों म्हणाला. "मी एक केलं, मागे वळून बघितलं, तर दिसेचना. वाटलं, यंत्र बंद पडलं की काय."

टेंगळे दिसत नाहीत म्हणून प्रत्येकावर क्रमांकाचा झेंडा लावण्यात आला. झेंडे चौऱ्याऐंशी झाले. त्यांच्यामधून स्कीच काय, मांजरही गेले नसते. तरी तिथे जायला प्रमाणपत्र आवश्यक केले गेले, आणि ते मिळवायला टेंगळांवर उतरण्याचा किमान दोन हंगामांचा अनुभव प्रमाणपत्रासह दाखवावा लागे. एवढे करूनही युवा सहभाग वाढेना, तेव्हा समितीने प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. 'युवक' या शब्दाची व्याख्या जुनी होती. ती 'वय वर्षे सत्तरपर्यंत' अशी करण्यात आली. एका ठरावासरशी अकराही सदस्य तरुण झाले. युवा सहभाग शून्यावरून समाधानकारक झाला. रेजानआजोबांची संधी एका वर्षाने हुकली.

फ्लावी मात्र नऊच वर्षांची राहिली. आणि मार्च उजाडला होता.

"आजोबा, बेडकी नाही तर दुसरीकडे शिकवा ना. कुठंही."

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरामागे एक उतार होता. कचऱ्याच्या डब्यांपासून सुरू होऊन वाहनतळापाशी संपणारा, जेमतेम चाळीस पावलांचा, पण चांगला उभा. त्याला नाव नव्हते, म्हणून तो कुठल्याच समितीच्या कक्षेत येत नव्हता. गास्तोंच्या यादीतही तो नव्हता. तिथे तळलेल्या बटाट्यांचा वास दिवसभर येई. फ्लावी त्या उतारावर वळू लागली. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. आजोबा खाली उभे राहून ओरडत, "गुडघे! गुडघे! त्यांना प्रेमाने सांग!" दोन शनिवारांत तिथे पाच टेंगळे उभी राहिली. खरी, कमरेला लागणारी.

एके दिवशी एलोई नावाचा मुलगा बटाटे खाता खाता तिथे आला. उड्यांच्या मैदानावर त्याचे मोठे नाव होते.

"हे काय करताय?"

"वळतोय," फ्लावी म्हणाली.

"त्यात काय मोठंसं?"

"काहीच नाही. तू नको येऊस. तुला नाही जमायचं."

एलोईने बटाटे फ्लावीच्या हातात दिले, स्की पायांत चढवल्या, फोन वर धरला आणि निघाला. दुसऱ्या टेंगळावर फोन एका बाजूला, काठ्या दुसऱ्या बाजूला आणि एलोई मधोमध उलटा पडला. त्याने बर्फातून तोंड बाहेर काढले, थुंकला आणि म्हणाला, "थांबा. हे मोजायचं नाही. परत."

फोन त्याने हातमोज्यात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यावर ठेवला. पुढच्या शनिवारी तो चौघांना घेऊन आला. त्यांनी आणखी काही जणांना आणले. पडण्यात इतकी मजा असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. रेजानआजोबांनी वही उघडली. सतरा खुणा करता करता त्यांची बोटे गारठली.

त्याच दुपारी, सदस्यांची झोप मोडून, समितीची अंतिम बैठक होती, उपाहारगृहाच्या मोठ्या दालनात. वाटाण्याचे गरम सूप आले. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून रेजानआजोबांना बोलावले होते. ते मनातल्या मनात उड्या मारतच आत आले. सांगायचे होते, सगळे सांगायचे होते. बारा हवी होती, सतरा आली!

ब्रासारबाईंनी चष्मा पुसला. "सर, आज निर्णय घ्यायचाय. तुम्ही एकदाच सांगा. टेंगळांवर येणारी मुलं या डोंगरावर उरली आहेत का? अगदी एक जरी असेल ना, तरी आम्ही मागे हटणार नाही."

"म्हणजे काय करणार बाई?"

"सगळं करणार!" ब्रासारबाईंचे डोळे भरून आले. "ती मुलं जिथे असतील ती जागा तातडीने संरक्षित करू. दोर कमी पडला तर आणू. प्रत्येक मुलाची नोंदणी, प्रत्येकामागे एक समन्वयक, लुदोविकची नवी प्रश्नावली, दर पंधरवड्याला अहवाल. त्यांना एकटं म्हणून सोडायचं नाही."

रेजानआजोबांनी सतरा खुणांची वही हळूच कोटात सरकवली.

स्वयंपाकघराच्या बाजूने एक आरोळी आली. मग धप्प असा आवाज, आणि मोठा हशा.

"काय चाललंय तिकडे?" एका सदस्याने विचारले.

"भांडी घासतायत," रेजानआजोबा म्हणाले.

दुसरा सदस्य खिडकीकडे बोट दाखवू लागला. "ते बघा. काहीतरी लाल लाल वर-खाली होतंय. दिसलं. गेलं. परत दिसलं."

खिडकीच्या खालच्या कडेला लाल लोकरीचा गोंडा उसळत चालला होता. रेजानआजोबांनी चाळीस वर्षे मुलांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या: गुडघे वाकवायचे आणि खोटे बोलायचे नाही. त्यांनी घसा साफ केला.

"पक्षी आहे तो. कार्डिनल. हिवाळ्यात खरकट्यावर येतात."

"बराच मोठा दिसतो."

"बटाटे खातो ना."

मग ते उठून उभे राहिले. हात मागे बांधले आणि वर्गात धडा वाचावा तसे सावकाश बोलले.

"बाई, आता तुमच्यापासून काय लपवायचं? एकही मूल उरलं नाही. या पिढीला टेंगळं नकोत. त्यांना फोन हवा, उड्या हव्यात, सगळं झटपट हवं. आपला काळ गेला."

सदस्यांनी चमचे खाली ठेवले. सूप गार झाले. आणि त्या दुःखात एक वेगळाच आराम होता, तो अकराही चेहऱ्यांवर हळूहळू उमलत गेला. प्रयत्नांत काही कमी पडले नव्हते. दोष पिढीचा होता. एका सदस्याने डोळे पुसले. दुसऱ्याने सूप गरम करून मागितले.

ठराव एकमताने संमत झाला. टेंगळे या डोंगरावरून नामशेष झाली असल्याने त्यांचे प्रकरण बंद करण्यात येत आहे. बेडकी ही उतरण नकाशावरून वगळण्यात येत आहे. उतरणच नसल्याने तिच्याभोवतीचा दोर आणि चौऱ्याऐंशी झेंडे कोठारात जमा करावेत. ती सपाट करण्याचाही प्रश्न उरत नाही, कारण यंत्राला नकाशावर नसलेल्या ठिकाणी जाण्यास मनाई आहे. त्या जागी कोणी जाऊ नये अशी सूचना लावावी काय, असे लुदोविकने विचारले. पण बंदी घालायची तर आधी ती जागा अस्तित्वात असल्याचे मान्य करावे लागले असते. तो मुद्दा वगळण्यात आला.

पुढच्या शनिवारपासून सतरा मुले नसलेल्या उतरणीवर वळू लागली. रेजानआजोबा माथ्यावर उभे राहून एकेकाला सोडत. गास्तों सुट्टीच्या दिवशी पायथ्याशी उभा राहून पडलेल्यांच्या काठ्या गोळा करी. डोंगराला पुन्हा पुरळ आले.

ऊन कोवळे होते, बर्फ अजून कडक होता, अशा एका सकाळी फ्लावी निघाली. वाकड्या झाडापाशी तिचा वेग किंचित मंदावला. तिचा गोंडा खाली, पायांकडे झुकला. ती पायांशी काहीतरी बोलत होती. मग लबाड टेंगूळ आले आणि मागे पडले, पुढचे आले आणि मागे पडले, आणि लाल गोंडा लहान लहान होत थेट पायथ्याशी जाऊन थांबला. खालून तिची आरोळी आली ती आनंदाची नव्हतीच. ती तक्रार होती: "संपली पण!"

त्याच दुपारी रेजानआजोबा खुर्च्यांच्या पाळण्यातून वर चालले होते. शेजारी ब्रासारबाई होत्या. पाळणा बरोबर बेडकीवरून जातो. खाली सतरा मुले ओरडत, आपटत, उसळत होती. आवाज इतका होता की बोलायला गळा ताणावा लागे.

"काय दिवस होते ते, सर!" ब्रासारबाई समोरच्या आकाशाकडे बघत म्हणाल्या. "आणि आजची मुलं!"

"काही विचारू नका बाई," रेजानआजोबा म्हणाले. "काहीच उरलं नाही."

ब्रासारबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. या वाक्यात मोठी सोय आहे. ते एकदा म्हटले की ऐकणारा माणूस खाली वाकून बघत नाही. लायब्ररीत, मैदानात, गाण्याच्या वर्गात, कुठेही म्हणून पाहा. आपणही ते अनेकदा ऐकले आहे, म्हटलेही आहे, आणि खरे आहे का ते बघायला जागचे उठलो नाही. वाचकांना हात जोडून विनंती, आताही उठू नये. हंगामाचे अजून दोन शनिवार बाकी आहेत आणि एलोईला वाकड्या झाडाच्या पुढे जायचे आहे.